जिताड्यासाठी रॉड, रील, दोरी आणि लूर: बासचं सामान खाडीत कुठे कमी पडतं

ऑनलाइन दुकानात फिशिंग रॉड शोधायला गेलं की निम्मं सामान बाससाठी बनवलेलं निघतं. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा. त्याचा विश्वविक्रम १९३२ साली जॉर्जिया राज्यात झाला, २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या जरासा वर. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. आपल्या खाडीतल्या जिताड्यालाही (मालवण-गोव्याकडे चोणक) इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात. म्हणून लोक बासचा सेट उचलतात आणि पहिल्या मोठ्या माशाला गळ सरळ झाला की रॉडला शिव्या घालतात. याच जिताड्याचा गळावरचा विक्रम ४४ किलोच्या वरचा आहे, २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या लेक मॉन्डुरानमध्ये झालेला. आपल्याकडे एवढा लागत नाही, पण तीन-चार किलोचा जिताडासुद्धा बासच्या हलक्या गळांची परीक्षा घेतो.

गरवण्याची पद्धत तीच आहे. आडोशाजवळ लूर, म्हणजे खोटं आमिष, टाकायचा, मासा खवळवायचा, आडोशापासून दूर ओढायचा. फरक तीन गोष्टींचा. पाणी खारं आहे, खडकांना आणि खांबांना कालवं चिकटलेली आहेत, आणि जिताड्याच्या जबड्याची कड कानशीसारखी खरखरीत असते. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडही धारदार असते. म्हणून खर्चाची वाटणी उलटी करायला हवी. रॉड मध्यम किमतीचा चालतो. पैसे घालायचे ते रीलमध्ये आणि दोरीच्या शेवटच्या दीड मीटरमध्ये, म्हणजे लीडर (मुख्य दोरी आणि लूर यांच्यामधला जाड तुकडा), रिंग (लूरला गळ जोडणारी कडी) आणि गळात.

रॉडचं थोडक्यात. कांदळवनाच्या कडेने किंवा होडीतून गरवायचं असेल तर सात फुटी, जेटीवरून किंवा खडकावरून आठ ते नऊ फुटी. पॉवर (ताठरपणा) मीडियम हेवी, ॲक्शन फास्ट (शेंड्याकडे वाकणारा), लूरचं वजन १० ते ३० ग्रॅम लिहिलेलं असावं. दोन तुकड्यांचा घ्या, एसटीत आणि लोकलमध्ये एकसंध रॉड नेणं म्हणजे शेंडा मोडायला निमंत्रण. बासवाले बेटकास्टर रील (रॉडच्या वर बसणारं, फेकताना ज्याचं स्पूल, म्हणजे दोरीचं रीळ, फिरतं) आणि त्याला खाली बोट अडकवायचा घोडा असलेला रॉड आवडीने वापरतात, अचूकतेला तो चांगलाच. पण खाडीवर समोरून वारा असतो, आणि हलका लूर वाऱ्यात टाकला की बेटकास्टरच्या स्पूलवर दोरीचा गुंता होतो. सुरुवात रॉडच्या खाली बसणाऱ्या, फेकताना स्पूल न फिरणाऱ्या स्पिनिंग रीलनेच करावी.

विकत घेताना रॉडची चकाकी बघू नका, गाइड, म्हणजे दोरी ज्यांतून जाते ती कडी, बघा. गाइडच्या आतल्या सिरॅमिक कड्यातून कापसाचा बोळा फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे तडा आहे, आणि तो तडा ब्रेडेड दोरी दोन-चार खेपांत खाऊन टाकेल. जुन्या रॉडलाही महिन्याकाठी ही तपासणी करावी. जोडाच्या नर बाजूवर मेणबत्ती घासली की तुकडे फेकताना सैल होत नाहीत आणि घरी आल्यावर अडकूनही बसत नाहीत. मासा वर घेताना रॉड सरळ आकाशाकडे उभा करू नका. सगळा भार शेंड्याच्या वीतभर भागावर येतो आणि तो तिथेच तुटतो. तसे रॉड माशापेक्षा गाडीच्या दारात आणि छताच्या पंख्यात जास्त मोडतात. आणखी एक, कार्बनच्या रॉडमधून वीज जाते. खाडीच्या बांधांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, त्यांच्याखाली रॉड उभा धरून चालू नका.

रील ४००० साइजचं पुरतं. त्यात पीई २ जाडीची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, साधारण २०० मीटर बसते. गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचे किती वेढे) सहाच्या आसपास असला की लूर पुरेसा जलद ओढता येतो. खोक्यावर 'ड्रॅग १० किलो' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. ड्रॅग म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सोडणारा रीलचा ब्रेक. तुम्ही वापरणार तीन किलो. त्या तीन किलोंवर ड्रॅग अडखळत सुटतो की तुपासारखा सुटतो, हे दुकानात दोरी ओढून बघा. अडखळणारा ड्रॅग माशाच्या पहिल्या झेपेलाच दोरी तोडतो.

दोरी भरताना दोन चुका सर्रास होतात. पहिली, ब्रेड थेट रिकाम्या स्पूलवर बांधणं. ब्रेड गुळगुळीत असते, सगळा गठ्ठा स्पूलवर गोल फिरतो आणि ड्रॅग घट्ट असूनही दोरी सुटत राहते. मग माणूस ड्रॅग खोलत बसतो. आधी पाच-सहा मीटर साधी नायलॉन भरा, मग ब्रेड बांधा. दुसरी, स्पूल काठोकाठ भरणं. काठाच्या दीड-दोन मिलिमीटर खाली थांबा. जास्त भरली तर फेकताना वेटोळी एकदम सुटून गाठ पडते, कमी भरली तर फेक आखूड पडते. भरताना ओल्या फडक्यातून दोरी घट्ट धरून भरा, सैल भरलेली दोरी पुढे स्वतःच्याच थरात रुतते.

ब्रेड चार पदरी घ्यावी की आठ पदरी, यावर भांडणं होतात. आठ पदरी गोल आणि मऊ, लांब जाते. चार पदरी खरखरीत, पण त्याच जाडीत तिचा एकेक पदर जाड असतो, म्हणून कालवांवर घासली तर जास्त टिकते. कांदळवनात आणि जुन्या जेटीच्या खांबांपाशी चार पदरी, मोकळ्या खाडीमुखाशी आठ पदरी, असा आमचा निवाडा. पीई २ ची ताकद तीस पौंडांच्या, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास धरा. स्वस्त दोऱ्यांची जाडी दिलेल्यापेक्षा बरेचदा जास्त निघते, त्यामुळे २०० मीटर बसणाऱ्या स्पूलवर दीडशेही मावत नाही.

लीडर ४० पौंडी फ्लोरोकार्बन, दीड मीटर. उधाणाच्या रात्री खांबांपाशी ५० किंवा ६० पौंडी. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ सगळ्यात उत्तम, कारण ती बारीक असते आणि गाइडमधून सहज जाते. लीडर ताणून ठेवा. ब्रेड त्यावर एकदा वरच्या अंगाने, एकदा खालच्या अंगाने, अशी आळीपाळीने दहा-दहा, एकूण वीस वेढे घ्या. वेढे एकमेकांना खेटून हवेत, एकावर एक चढलेले नकोत. ब्रेडच्या टोकाने दोन्ही दोऱ्यांभोवती दोन अर्ध्या गाठी मारा, ओलं करा, आणि हाताला फडकं गुंडाळून ब्रेड आणि लीडर दोन्हीकडे जोरात ओढा. गाठ बसली की ब्रेडचा रंग एकदम गडद होतो आणि वेढे लीडरमध्ये रुतलेले दिसतात. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, पुन्हा बांधा. मग लीडरचं शेपूट बारीक कापून वर पाच-सहा अर्ध्या गाठी. वाऱ्यात, अंधारात हे जमत नसेल तर डबल युनी बांधा: ब्रेडचे आठ वेढे, लीडरचे चार. जाड होते, पण भरवशाची.

मासा गेला की टोक बघितल्याशिवाय पुढची फेक करू नका. फक्त ब्रेड परत आली आणि तिचं टोक कुरळं, अखंड असेल तर एफजी सरकली. लीडरचं टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं असेल तर लूरची गाठ सुटली. टोक पांढुरकं, खरवडलेलं असेल तर जबड्याने किंवा कालवांनी घासलं. एकदम स्वच्छ कापलेलं असेल तर कल्ल्याचं झाकण किंवा कालवाची धार. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातातल्या, पुढच्या दोन लीडरच्या जाडीच्या आणि जागेच्या. प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा वीतभर भाग नखावरून ओढा. खरखर लागली की तेवढा कापून लूर नव्याने बांधा.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. सामान तोलायचा हातकाटा दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. दोरी त्याच्या आकड्याला बांधा, रॉड ४५ अंशांत धरा, हळू ओढा. तीन किलोंवर दोरी सुटायला लागली पाहिजे, साडेतीनच्या वर नको. दोरीच्या ताकदीचा पाव भाग, हा हिशेब. गाठीत ताकद जाते, गाइडवर घर्षण असतं, आणि मासा उडी मारतो तेव्हा भार क्षणात वाढतो, म्हणून एवढी सूट ठेवायची. मासा खांबाकडे निघालाच तर ड्रॅग पिळू नका, स्पूलच्या कडेवर तळहात टेकवा. हात उचलला की ड्रॅग जिथल्या तिथे.

आता लूर. पन्नास रंग गोळा करायची हौस असेल तर असू दे, पण काम तीन प्रकारांनी भागतं. ९० ते १२० मिलिमीटरचा मिनो, म्हणजे माशाच्या आकाराचा कडक लूर, मीटरभर खोल जाणारा. चार इंची शेपटीदार रबरी मासा, ४/० मापाच्या गळाच्या जिग हेडवर (शिशाचं वजन जोडलेल्या गळावर). आणि पाण्यावर चालणारा एखादा पेन्सिल लूर, पहाटेसाठी. जिताड्याचं खाणं म्हणजे बोय आणि कोळंबी, त्यामुळे स्वच्छ पाण्यात रुपेरी, गढूळ पाण्यात पांढरा, पोपटी किंवा सोनेरी. जिग हेडचं वजन रंगापेक्षा महत्त्वाचं. मुंबई-उरणकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत ७ ते १० ग्रॅम पुरे, उधाणात १४ ते २१. लूर तळाला लागतोय हे बोटाला कळलं पाहिजे. ओहोटीला खारबंदिस्तीच्या उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून), गोव्यात खाजणाच्या मानशीतून, पाणी बाहेर पडतं तेव्हा बारीक मासळी त्याबरोबर वाहत येते आणि जिताडा धारेच्या कडेला, संथ पाण्यात उभा असतो. लूर धारेत टाकून कडेकडे आणायचा.

बासच्या लूरवरचे गळ मात्र घरीच बदला. पातळ तारेचे तिहेरी गळ जिताड्याच्या जबड्यात उघडतात, आणि रिंग सरळ होते. चार एक्स जाडीचे, खाऱ्या पाण्याचा मुलामा असलेले तिहेरी गळ आणि ५०-६० पौंडी स्प्लिट रिंग लावा. रिंग उघडायची खास पक्कड घ्या, नखं सोलून घेऊ नका. गळ बदलल्यावर लूरचा तोल बदलतो, आणि इथे गंमत आहे. 'सस्पेंडिंग' लिहिलेला बासचा लूर गोड्या पाण्यात अधांतरी थांबतो. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून वीस ग्रॅमचा तोच लूर खाऱ्या पाण्यात सुमारे अर्ध्या ग्रॅमने हलका पडतो आणि हळूहळू वर येतो. जाड गळांचं जास्तीचं वजन बरेचदा नेमकी हीच तूट भरून काढतं. पण पावसाळ्यात खाडीच्या वरच्या अंगाला पाणी जवळजवळ गोडं होतं, तेव्हा तोच लूर बुडतो. म्हणून ज्या खाडीत गरवणार तिथलंच पाणी बादलीत घ्या, लूर बुडवून सोडा. वर आला तर पुढच्या गळाच्या दांड्यावर सोल्डरच्या तारेचे दोन-तीन वेढे द्या. खाली गेला तर मागचा तिहेरी गळ काढून एकेरी लावा. मिनो घट्ट गाठीने बांधू नका, तोंडाशी छोटा मोकळा फास ठेवणारी गाठ बांधा, नाहीतर तो डुलत नाही.

घरी आल्यावरची पंधरा मिनिटं रीलचं आयुष्य ठरवतात. आधी ड्रॅग पूर्ण घट्ट करा, म्हणजे पाणी वॉशरमध्ये शिरत नाही. मग नळाच्या मंद धारेखाली रॉड, गाइड आणि रील धुवा. बादलीत बुडवू नका, पाइपचा जोराचा फवारा मारू नका, गरम पाणी नको. या तिन्हींनी मीठ आत ढकललं जातं किंवा ग्रीस निघून जातं. फडक्याने पुसा, ड्रॅग सैल करा आणि सावलीत वाळवा. ड्रॅग घट्ट ठेवूनच रील कपाटात गेलं तर वॉशर दबून राहतात आणि पुढच्या खेपेला अडखळतात. सगळ्यात आधी जातं ते लाइन रोलरचं बेअरिंग, कारण ओली दोरी सतत त्याच्यावरूनच फिरते. त्याला दर दोन-तीन खेपांनी रीलच्या तेलाचा एक थेंब द्या. रोलर फिरायचा थांबला की दोरी एकाच जागी घासून खरवडते आणि दोष मात्र दोरीला जातो.

गिअरला ग्रीस, बेअरिंगला तेल, ड्रॅग वॉशरला फक्त ड्रॅगचं ग्रीस. उलट फिरणं थांबवणाऱ्या क्लचला ग्रीस अजिबात लावू नका. क्लचमधले रोलर घसरतात आणि गळ ओढायच्या क्षणी हँडल मागे फिरतं. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे तेल नव्हे. तो रीलमध्ये मारला तर आतलं ग्रीस धुऊन काढतो.

लूर ओला असताना डब्यात परत टाकू नका. एक गंजलेला गळ अख्ख्या डब्याला गंज लावतो. गोड्या पाण्यात खळबळून वाळवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रबरी मासे कडक प्लास्टिकच्या लूरबरोबर एका खणात नकोत. त्यांच्यातलं तेल रंग विरघळवतं आणि सगळं चिकट होऊन बसतं. ते मूळ पिशवीतच, सरळ ठेवा, वाकडी झालेली शेपूट पाण्यात नीट हलत नाही. गळाची धार अंगठ्याच्या नखावर तपासा. टोक नखात रुतलं तर ठीक, घसरलं तर बारीक कानशीने बुडाकडून टोकाकडे तीन-चार हात मारा.

एका हंगामानंतर ब्रेडचा पुढचा तीस-चाळीस मीटर भाग फिका आणि केसाळ झालेला असतो, आतली दोरी मात्र कोरी. फेकून देऊ नका. दुसऱ्या स्पूलवर उलटी गुंडाळा, आतलं टोक बाहेर आणा, आणखी एक हंगाम निघतो. कापलेले तुकडे खिशात घालून आणा. कांदळवनात सोडलेली ब्रेड कुजत नाही, आणि तिच्यात बगळ्यांचे पाय अडकतात.