दोराला ढील

"होडी ताणून बांधली तर ओहोटीला लटकेल ना," नाखवा म्हणाले आणि दोर अजून हातभर सैल सोडला.

वरळीचं क्लीव्हलँड बंदर. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी चारेक मीटर चढतं-उतरतं, बांधलेली होडीही तेवढीच खालीवर होते. समोरच कोस्टल रोडचा पूल. होड्यांच्या वाटेवरच्या त्याच्या खांबांमधलं अंतर आधी 60 मीटर ठरलं होतं. वाऱ्यात होडी सरळ जात नाही, आडवी सरकते! कोळी बांधवांनी काम अडवलं, तेव्हा कुठे ते 120 मीटर झालं.

हे सांगायला भांडावं का लागलं, याचाच राग येतो मला. रोज पाण्यावर जाणाऱ्याला पहिल्यांदा विचारायला हवं होतं.

आता मढ-वर्सोवा पूल होणार आहे. तिथल्या नाखवांना नकाशा दाखवलाय का कुणी?