तुम्हाला आधीच कळत असेल ना?

बँक बुडाल्याची बातमी आली की मला दोन प्रश्न येतात. पहिला: 'तुम्ही लोक फायनान्शियल स्टॅबिलिटीवर, म्हणजे बँकव्यवस्था कोलमडू नये यावर, संशोधन करता, मग हे आधी दिसलं कसं नाही?' दुसरा, जरा आवाज खाली आणून: 'दिसलं असणारच. मग बोलला का नाहीत?' पहिल्या प्रश्नात मी बिनकामाची ठरते, दुसऱ्यात लबाड. कधीकधी एकच माणूस एकाच दमात दोन्ही विचारतो. इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंतच आहे, तर एकदाच लिहून टाकते.

दिसतं. पुष्कळदा दिसतं, आणि तेही चोरून बघावं लागत नाही. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचंच घ्या, कारण तिच्यावरून मी सगळ्यात जास्त टोमणे खाल्ले आहेत. मुदत संपेपर्यंत धरून ठेवायचे म्हणून या बँकेने जे रोखे घेतले होते, त्यांचा बाजारभाव 2022च्या अखेरीस पुस्तकी किमतीपेक्षा सुमारे 15 अब्ज डॉलरनी खाली होता. बँकेचं स्वतःचं भांडवल होतं सुमारे 16 अब्ज. म्हणजे ते रोखे विकावे लागले असते तर भांडवल जवळजवळ सगळंच गेलं असतं. हे आकडे बँकेनेच प्रसिद्ध केलेल्या हिशेबात होते. 90 टक्क्यांहून जास्त ठेवी ठेव-विम्याच्या (बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरावीक रकमेपर्यंत पैसे देणाऱ्या विम्याच्या) मर्यादेबाहेर आहेत, हेही उघड होतं. पर्यवेक्षकांनी दाखवलेल्या 31 त्रुटी बँक बंद पडली त्या दिवशीही तशाच प्रलंबित होत्या, असं फेडरल रिझर्व्हनेच, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय बँकेनेच, नंतर आपल्या अहवालात लिहिलं. आणि तरी महिनोन् महिने काहीही झालं नाही. व्याजदर चढत होते, रोख्यांचे भाव उतरत होते, ठेवीदार निवांत होते. मग 8 मार्च 2023ला बँकेने जाहीर केलं, की रोखे तोट्यात विकले आहेत आणि भांडवल उभारायचं आहे. 9 तारखेला एका दिवसात 42 अब्ज डॉलर बाहेर गेले. 10 तारखेसाठी आणखी 100 अब्जांच्या मागण्या येऊन पडल्या होत्या. एकूण ठेवी होत्या 170 अब्जांच्या आसपास.

अडचणीच्या काळासाठी बँकेने हाताशी किती रोख ठेवावी, याचा 'बासेल' नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो असं धरून चालतो, की ताणाच्या 30 दिवसांत किरकोळ ग्राहकांच्या ठेवींपैकी साधारण 5 ते 10 टक्के जातील, आणि कंपन्यांच्या विमा नसलेल्या ठेवींपैकी 40 टक्क्यांपर्यंत. इथे पहिल्याच दिवशी चतुर्थांश गेल्या. (ही बँक त्या नियमाच्या कक्षेत नव्हतीच. तो वेगळा संताप, आज नको.)

'मग 9 मार्च का नाही सांगितलात?' कारण 9 मार्च कुठल्याही ताळेबंदात लिहिलेला नसतो. डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांनी 1983मध्ये मांडलं ते हेच. मी पैसे काढावेत की नाही, हे तुम्ही काढणार की नाही यावर ठरतं, आणि तुमचं माझ्यावर. एकाच ताळेबंदातून शांतताही निघू शकते आणि पळापळही. या दोघांना 2022च्या ऑक्टोबरमध्ये नोबेल जाहीर झालं. पाच महिन्यांत त्यांच्या सिद्धांताचं प्रात्यक्षिक साऱ्या जगाने थेट पाहिलं, आणि तरीही तारीख त्यांनाही माहीत नव्हती.

यावर हटकून ऐकवतात, 'पण रघुराम राजन यांनी तर सांगितलं होतं!' हो, ऑगस्ट 2005मध्ये अमेरिकेत जॅक्सन होलला, केंद्रीय बँकवाल्यांच्या वार्षिक परिषदेत, सांगितलं होतं, आणि तिथल्या दिग्गजांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही, उलट चार शब्द सुनावले. पण त्यांनी काय सांगितलं ते एकदा बघा. निधी सांभाळणाऱ्यांना मिळणारा मोबदलाच असा आहे, की क्वचित येणारं पण आलं की सगळं धुऊन नेणारं संकट ते अंगावर घेतात. आणि वेळ आली तर बँका एकमेकींना उसने देणंही थांबवतील. कुठली बँक, कुठला महिना, हे त्यात नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. ऐकणाऱ्यांनी कान बंद ठेवले, हा दोष भाकिताचा नव्हे.

दुसरा प्रश्न मला जास्त बोचतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

नॉर्दर्न रॉकची गोष्ट थोडक्यात. ही ब्रिटिश बँक ठेवींपेक्षा बाजारातून उचललेल्या पैशांवर चालायची. 2007च्या ऑगस्टमध्ये तो बाजार आटला. बँक ऑफ इंग्लंडकडे, म्हणजे तिथल्या केंद्रीय बँकेकडे, तातडीचं कर्ज मागितल्याची बातमी 13 सप्टेंबरला संध्याकाळी बीबीसीवर फुटली आणि दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर रांगा लागल्या. म्हणजे धीर देण्यासाठी आलेली मदतच घाबरण्याचं कारण झाली. रांगेतले लोक काही खुळे नव्हते. त्या वेळी तिथे पहिल्या 2,000 पौंडांनाच पूर्ण संरक्षण होतं, पुढच्या 33,000ना 90 टक्के. मीसुद्धा रांगेत उभी राहिले असते. 17 तारखेला सरकारने ठेवींची हमी दिली तेव्हा कुठे रांगा ओसरल्या. म्हणून केंद्रीय बँकेतली माणसं 'काही सांगता येणार नाही' म्हणतात ना, तेव्हा दर वेळी काही दडवायचं असतंच असं नाही. कित्येकदा बोलण्यानेच घडून जाईल अशी त्यांना धास्ती असते.

हे सगळं मी परिसंवादात अगदी शांतपणे सांगू शकते. मावशीला नाही सांगता आलं.

बँकेचं नाव आणि साल सांगणार नाही. मी तेव्हा ज्या आकडेवारीवर काम करत होते, तिच्यातून बँकांची नावं काढून टाकलेली होती. प्रत्येक ओळीला नुसता क्रमांक. पण त्या तक्त्यात पुरेसा काळ वावरलं की ओळींना चेहरे फुटायला लागतात. कर्जं कुठल्या धंद्यात अडकली आहेत, मोठ्या ठेवी किती मोजक्या हातांत आहेत, इतरांपेक्षा व्याज किती चढं आहे. एका ओळीत थकीत कर्जं संशय यावा इतकी कमी होती. तिमाही संपता संपता जुन्याच कर्जदारांना नवी कर्जं जायची आणि त्याच सुमारास त्यांची जुनी खाती नियमित व्हायची. नव्या कर्जातून जुनं फेडून घ्यायचं, हा खेळ आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. ही बँक कुठली असावी, याचा मला अंदाज आला होता. अंदाजच.

मावशी त्या वर्षी निवृत्त झाली. तिचा फोन आला. "अगं, पैसे हातात आलेत. ही बँक पाऊण टक्का जास्त देतेय. ठेवू ना?"

बँक तीच.

मी सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं. "विम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम एका बँकेत ठेवू नकोस. कुठल्याच बँकेत."

"म्हणजे हिच्यात तसं काही नाही ना?"

"मावशी, मी कुठल्याच बँकेबद्दल बोलू शकत नाही गं."

ती हसली. "कळलं बाई, तुझी नोकरी." आणि तिने आपल्या परीने अर्थ लावला: काही असतं तर भाचीने अडवलं असतं. सगळे पैसे तिथेच ठेवले. पुढे बँकेवर निर्बंध आले, पैसे काढण्यावर मर्यादा आली. मावसभावाने फोनवर एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं का?"

मी म्हणाले, "नाही."

हे उत्तर मी मनात अनेकदा तपासून पाहिलंय. शब्दशः ते खरं आहे. क्रमांकामागचं नाव मला कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि त्याच तक्त्यात त्या ओळीपेक्षाही वाईट दिसणारी एक ओळ होती. माझा अंदाज बरोबर असेल तर ती बँक आज व्यवस्थित चालू आहे. नवं भांडवल आलं, वरची माणसं बदलली, कुणाचाही पैसा अडकला नाही. मी नातेवाइकांना ओळी बघून सल्ले देत सुटले असते, तर ती धडधाकट निघालेली बँकही आमच्या घराण्याने आधी रिकामी केली असती. आमच्या कामात असंच असतं. इशाऱ्याची पातळी खाली आणली तर खोटी ओरड वाढते, वर नेली तर खरं संकट हातचं सुटतं. दोन्ही एकदम कमी करणारं मॉडेल मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पण माझे पैसे त्या दोन्ही बँकांत नव्हते. तो तक्ता हाती येण्याच्या आधीपासून नव्हते, अगदी योगायोगाने. हे मावसभावाला पटवून बघा.

"एक शब्द टाकला असतास तर," असं तो अजून म्हणतो. तो शब्द फक्त मावशीला सांगायचा, तर तिच्या शेजारच्या खिडकीवरच्या ठेवीदाराने काय घोडं मारलं होतं? सगळ्यांना सांगायचा, तर त्या दिवशी बँक मीच पाडली असती, तीही अंदाजाच्या जोरावर. मावशीचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले. ती बोलते माझ्याशी, नेहमीसारखीच. पैशाचं मात्र काही विचारत नाही. ते मुलाला विचारते. तो दातांचा डॉक्टर आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी एक तावातावाचं टिपण लिहिलं होतं: पर्यवेक्षकांनी दिलेली प्रत्येक बँकेची श्रेणी दर तिमाहीला जाहीर करा, ठेवीदार काही कुक्कुली बाळं नाहीत. ते आता वाचताना लिहिणारीचा रागही येतो आणि हेवाही वाटतो. मी तिला नॉर्दर्न रॉक दाखवते. ती मला सिलिकॉन व्हॅली दाखवते: त्या 31 त्रुटी वेळीच चव्हाट्यावर आल्या असत्या तर दुरुस्त झाल्या नसत्या का? मी म्हणते, जाहीर करून भागत नाही. युरोपात जुलै 2011च्या स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे वाईट काळ आला तर बँक तग धरेल का या चाचणीत, डेक्सिया ही बँक पास झाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारांना तिला वाचवायला धावावं लागलं. ती म्हणते, मग अमेरिकेची 2009ची चाचणी? 19 बँका, त्यांतल्या 10 बँकांना मिळून सुमारे 75 अब्ज डॉलर कमी पडतायत असं नावानिशी छापलं, आणि बाजार शांत झाला. मी म्हणते, कारण बाजारातून पैसे उभे राहिले नाहीत तर सरकार देईल, हे आधी ठरलेलं होतं. ती म्हणते, मग तसंच करा ना: पैसे मागे उभे करा आणि सगळं छापा. ते पैसे करदात्यांचे, असं मी म्हणते. आणि बुडाल्यावर कुणाचे लागतात, असं ती विचारते.

इथे माझं उत्तर लंगडं पडतं, हे मलाही कळतं.

तोपर्यंत ज्यांना 'अमुक बँकेबद्दल हे आलंय, खरं का?' असे स्क्रीनशॉट मला पाठवायचे आहेत, त्यांच्यासाठी: तुमची रक्कम विम्याच्या मर्यादेत असेल, तर खरं-खोटं ठरवायची तुम्हाला गरज नाही. वर असेल, तर वरची रक्कम आजच हलवा, अफवा असो वा नसो. ती कुठल्या बँकेत हलवावी, हे मी सांगणार नाही.

श्रेणी जाहीर करायचा विषय मध्यंतरी आमच्याकडे पुन्हा निघाला होता. मी विरोधात बोलले. तो पुढच्या वर्षी परत येईल असं दिसतंय, आणि तेव्हा काय बोलेन याची मला आज खात्री नाही.