आत्ता उघडेल

विमानात बसण्याआधी त्यांनी बॅगांचं वजन केलं आणि मग मलाच काट्यावर उभं केलं. आकडा मोठ्यांदा वाचला. तो धाकट्या बहिणीने ऐकला आणि पुढचे पाच दिवस मला विसरू दिला नाही. विमान होतंच तेवढंसं. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नुकीला देशाच्या आतल्या भागातून रस्ताच जात नाही. एक तर मेडेयीनहून असं हलकं विमान, नाहीतर बुएनाव्हेंतुरा बंदरातून सामानाबरोबर बोटीने. आम्ही विमान निवडलं, कारण बहीण म्हणाली, "ताई, बोट तुला लागते." लागते हे खरंच होतं. पण आलो होतो बोटीतून देवमासे बघायला, हे तेव्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

नुकीहून लाँचने गुआचालितोच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा आतून-बाहेरून ओल्या होतो. पुढे कोरड्या झालोच नाही.

पाऊस मला कळतो, असा माझा समज होता. भुरभुर, पिरपिर, रिमझिम, सर, झड, मुसळधार: आपल्याकडे शब्दांना काय तोटा! पहिल्या रात्री पत्र्यावर जे सुरू झालं त्याला मी 'धो धो' म्हटलं. तासाभराने तो वाढला. मग म्हटलं, मघाचा धो धो नव्हता, हा आहे. पहाटेपर्यंत माझी शब्दांची पोतडी रिकामी झाली आणि पाऊस ताजातवाना होता.

त्याचं गणित तसं सोपं आहे. समुद्रावरून येणारे वारे बाष्पाने जड झालेले असतात, आणि किनाऱ्यामागे थोड्याच अंतरावर अँडीजची पश्चिमेकडची रांग आडवी उभी असते. पलीकडे जायचं तर भार इथेच टाकावा लागतो. याच चोको प्रांताची राजधानी असलेल्या किब्दोत वर्षाला ७ ते ८ हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तो ठरावीक महिने पडून मग रजेवर जात नाही. गंमत म्हणजे कोलंबियात पावसाच्या दिवसांना 'इन्व्हिएर्नो' म्हणतात, म्हणजे हिवाळा. घामाने निथळत कोणी हिवाळ्याबद्दल बोलू लागलं की सुरुवातीला आपलं स्पॅनिशच कच्चं आहे असं वाटतं. माझं ते होतंच, पण इथे चूक माझी नव्हती.

आमची घरमालकीण पन्नाशीची, ठसठशीत. सगळे तिला 'दोन्या' म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. नारळाचा भात आणि तळलेली मासळी ताटात वाढून ती ओसरीच्या टोकाला जायची, आभाळाकडे बघायची आणि सांगायची, "या बा आ एस्काम्पार." म्हणजे आत्ता उघडेल. 'एस्काम्पार' या एका क्रियापदाचा अर्थच पाऊस थांबणं. इंग्रजीत यासाठी असा सुटसुटीत शब्द नाही, आपल्याकडे मात्र आहे. पाऊस उघडतो, उघडीप होते. शब्द भेटला तशी दोन्या मला एकदम घरातली वाटू लागली. ती दिवसातून सातआठ वेळा हे सांगायची. एकदाही खरं ठरलं नाही आणि एकदाही तिचा आवाज डळमळला नाही.

ओसरीवर आमची दोरी होती. तिच्यावर चार मोज्यांची रांग, दोन टॉवेल, एक कुर्ता. सकाळी कपडे हात लावून बघायचे आणि पुन्हा पिळायचे, एवढाच त्या दोरीचा उपयोग. पासपोर्ट पापडासारखा वाकडा झाला. पत्ते खेळायला बसलो तर ते एकमेकांना चिकटलेले, बहीण दोन पानं एकदम टाकायची आणि म्हणायची, "चिकटलीत ग, मी काय करू?" हुकमाची पानं नेमकी कशी चिकटायची नाहीत, हे कोडं सुटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी निघालो. उघडीप झाली म्हणून नव्हे. नावाडी म्हणाला, देवमाशाला पावसाचं काय? मुद्दा बिनतोड होता.

देवमासा हा शब्द मला आवडतो. तो मासा नाही हे शाळेत शिकूनही आपण शब्द बदलला नाही, हे त्याहून आवडतं. इथले लोक हंपबॅक देवमाशाला 'युबार्ता' म्हणतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात ते इकडे येतात, थेट अंटार्क्टिकाच्या बाजूने, एका दिशेचं अंतर आठएक हजार किलोमीटर. तिकडच्या गार पाण्यात क्रिलचा, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांचा सुकाळ, इकडच्या कोमट पाण्यात त्यांच्यासाठी खायला जवळपास काहीच नाही. तरी येतात, कारण विण्यासाठी ऊब हवी. जन्मलेलं पोर चार-साडेचार मीटरचं, वजन टनाच्या आसपास. त्याला साय लाजेल असं दाट दूध पाजायचं आणि स्वतः महिनोन्‌महिने अंगच्या चरबीवर राहायचं. माहेरपणाला येऊन कडक उपास, असा सगळा प्रकार.

विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात माणसाने २ लाखांहून जास्त हंपबॅक मारले. १९६३ मध्ये तिथे त्यांच्या शिकारीवर बंदी आली, आणि नंतरही सोव्हिएत जहाजं चोरून मारतच राहिली. इतकं होऊन हे अजून माणसांच्या किनाऱ्याला बाळंतपणाला येतात.

फोटोतला देवमासा नेहमी हवेत असतो. खरा बहुतेक वेळ पाण्याखाली असतो. हे तिकीट काढताना कोणी सांगत नाही. आम्ही तासभर राखाडी आभाळाखालचं राखाडी पाणी बघत होतो. नावाडी कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने होडीतलं पाणी उपसत होता, आणि मी किनाऱ्याकडे नजर लावून पोटातलं पोटात ठेवायचा प्रयत्न करत होते. अचानक मागून आवाज आला. दिवसभर राबून आलेलं घरातलं मोठं माणूस खुर्चीत टेकताना सोडतं तसा सुस्कारा, फक्त खोलीएवढा मोठा. वळून बघेपर्यंत वर उडालेली वाफ पावसात मिसळून गेली होती. पाऊस वरून येत होता, ती खालून. मध्ये कुठे शिवण दिसेना. मग काळी पाठ, तिच्यावरचा तो छोटासा पंख, आणि लगेच शेजारी एक लहान, घाईतला सुस्कारा. पोर होतं.

आईने शेपूट वर काढलं. खालची बाजू पांढरी-काळी, काठ कातरलेले. या नक्षीवरून संशोधक एकेकाला ओळखतात, कारण दोन शेपट्या सारख्या नसतात. ती पाण्यात सरळ गेली आणि जिथे गेली तिथे गुळगुळीत गोल चकती उरली. आजूबाजूला लाटा, मध्ये ती इस्त्री केल्यासारखी. पावसाचे थेंब तिच्यावर टोचत होते तरी कितीतरी वेळ मोडली नाही. मी फोन प्लास्टिकच्या पिशवीतून काढेपर्यंत उरली होती ती हीच.

नावाड्याने इंजिन बंद केलं. वल्ह्याचं पातं पाण्यात खोल धरलं, दांड्याला कान लावला, हसला आणि वल्हं माझ्याकडे दिलं. लाकूड ओलं, गार. आधी माझाच श्वास ऐकू आला, मग होडीवर आपटणारं पाणी. मग अगदी लांबून एक हुंकार, वर चढत गेलेला, तुटलेला, पुन्हा तोच. गातात ते नर, आणि एका हंगामात एका भागातले सगळे जवळपास एकच गाणं गातात. बहीण "मला दे, मला दे" म्हणत होती. मी दिलं नाही. पत्त्यांचा हिशेब बाकी होता.

परतीच्या दिवशी विमान आलं नाही. धावपट्टीच्या कडेला पत्र्याखाली आम्ही सगळे बसलो, पायाशी बॅगा, एका बाईच्या मांडीवर कोंबडी. फोन उघडून बहिणीने फोटो मोजले: एकशेबारा. त्यातल्या एकशेअकरात पाणी. उरलेल्या एकात माझं तोंड, कान वल्ह्याला चिकटलेला, डोळे मिटलेले. "ताई, हा वजनाच्या आकड्याहून वाईट आहे," ती म्हणाली.

तिकिटाच्या खिडकीतला माणूस बाहेर आला, आभाळाकडे बघून म्हणाला, "या बा आ एस्काम्पार." मी बॅग उघडली, चार ओले मोजे काढले आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ओळीने वाळत घातले.