कोल्हा नव्हे, खोकड

'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हणताना आपण दोन जनावरं एकाच दावणीला बांधतो. इसापाच्या गोष्टीतला 'फॉक्स' म्हणजे कोल्हा नव्हेच. पंचतंत्रातले करटक-दमनक मात्र अस्सल कोल्हे. फॉक्सला मराठीत खणखणीत शब्द आहे, खोकड. सोलापूर-पुण्याकडच्या माळांवर ते बिळं करून राहतं. वजन दोन-तीन किलो, शेपटीचा गोंडा टोकाला काळा. कोल्हा त्याच्या तिप्पट भरतो, आणि नावलौकिकही सगळा त्यानेच लाटला. कोल्हेकुईसुद्धा त्याचीच, खोकड काही टोळीने गळे काढत नाही.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही. कुत्रा लांडग्यांतूनच आला, म्हणजे तो घरचाच. कोल्हा त्यांचा चुलतभाऊ. तिघांचीही गुणसूत्रं ७८. युरोपातल्या तांबड्या खोकडाची मोजली, तर मुख्य गुणसूत्रं भरतात अवघी ३४. खोकडांची फांदी साधारण एक कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. कुत्रा-लांडग्याचा संकर होतो, कुत्रा आणि खोकड यांचा संसार मात्र जमत नाही.

मग खोकड मांजरासारखं का वाटतं? डोळ्यांत पाहा. कुत्र्याची बाहुली गोल, खोकडाची उजेडात उभ्या फटीसारखी. जमिनीलगत दबा धरून, अंतर जोखून झेप घ्यायची, तीही बहुधा अंधारात, तर अशी बाहुली सोयीची. धंदा एक, म्हणून हत्यार एक. नात्याचा इथे संबंध नाही. मांजरांची आणि कुत्र्यांची वाट फुटून चार कोटींहून जास्त वर्षं झाली.

नातं पाहायचं तर तोंड उघडावं. खोकडाचे दात ४२, कुत्रा-लांडग्याइतकेच. मांजराचे ३०. मांस कातरणाऱ्या दातांमागे खोकडाला चांगल्या रुंद दाढा असतात, म्हणून ते उंदरांवर, किड्यांवर ताव मारून वर बोरंही चावतं. मांजराला तिथे दाढ म्हणावी असं जवळजवळ काहीच नाही. नुसती कवटी हाती आली तर डोळ्याच्या खोबणीवरच्या हाडावरून अंगठा फिरवावा. खोकडाच्या त्या हाडावर खळगा लागतो. कुत्र्या-कोल्ह्याचं तिथे फुगीर असतं.

रूपावर जायचंच नाही म्हटलं, तर तरसाचंही पाहून घ्या. ते थेट कुत्र्यासारखं दिसतं, पण आहे मांजरांच्या बाजूचं, आणि तिथेही त्याची जवळची भावकी म्हणजे मुंगूस.