इंग्लंडच्या कालव्यावर बोटीत राहताना परवाना कसा टिकवला

रिकमन्सवर्थ आणि हेमेल हेम्पस्टेडच्या दरम्यान, ग्रँड युनियन कालव्यावर आम्ही नवरा-बायको एका नॅरोबोटीत राहतो. जेमतेम सात फूट रुंदीची पोलादी बोट, आत कोळशाची शेगडी, टपावर सोलर पॅनेल. हौसेखातर घेतलेली नाही. गोदामातल्या पगारात इथलं घरभाडं भागेना, म्हणून साठवलेल्या पैशांतून जुनी बोट घेतली. आजूबाजूचे बरेचसे लोकही असेच: वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बायका, रात्रपाळीचे ड्रायव्हर, पेन्शनवर जगणारे म्हातारे.

बोट बांधायला कायमचा धक्का भाड्याने घेणं आम्हाला परवडत नाही. धक्का नसेल तर ब्रिटिश वॉटरवेज कायदा १९९५ प्रमाणे परवाना एका अटीवर मिळतो: बोट खरोखर फिरती हवी, एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. किती मैल फिरायचं ते कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही, आणि सगळं भांडण तिथेच आहे. कालवे सांभाळणारी आणि परवाने देणारी संस्था, कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट, म्हणते, वर्षभरात पंधरा-वीस मैलांचा पल्ला तरी दिसला पाहिजे. बोटवाले म्हणतात, कायद्यात नसलेलं अंतर आमच्यावर लादू नका. ज्याची नोकरी एका गावात आहे, मुलांची शाळा तिथेच आहे, त्याने वीस मैल जायचं कसं?

गेल्या हिवाळ्यात माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आमच्या भागात लॉक, म्हणजे बोट पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या कोठड्या, एकामागून एक येतात. त्यांचे जड लाकडी दांडे पाठ लावून रेटावे लागतात, झडपा हँडल फिरवून वर घ्याव्या लागतात. मला ते जमणार नव्हतं. बायको एकटी जमेल तेवढी बोट पुढे-मागे नेत होती. त्यात हिवाळ्यात दुरुस्तीसाठी काही लॉक बंद असतात. परवान्याच्या नूतनीकरणाआधी पत्र आलं: बोट पुरेशी फिरलेली नाही, असंच चाललं तर वर्षाऐवजी सहा महिन्यांचाच परवाना मिळेल, पुढे तोही नाकारू. परवाना गेला की ब्रिटिश वॉटरवेजच्याच १९८३ च्या कायद्याच्या कलम ८ खाली किमान २८ दिवसांची नोटीस देऊन बोट हटवता येते. बोट हेच घर असेल तर आधी कोर्टात जातात, पण वकिलाचे पैसे आणायचे कुठून? बायको रात्र रात्र जागी असायची.

शेजारच्या बोटीवरच्या आजी नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशनच्या जुन्या सभासद. ही संघटना २००९ मध्ये बोटवासीयांनीच उभी केली. आजी म्हणाल्या, "फोनवर काही बोलू नकोस. सगळं लेखी." याहून चांगला सल्ला मला कोणी दिला नाही.

पहिलं काम, आमच्या बोटीच्या नोंदी मागवल्या. कालव्याकाठच्या पायवाटेने कर्मचारी फिरतात आणि प्रत्येक बोटीचा नंबर टिपतात. माहिती-संरक्षण कायद्याखाली त्या नोंदी सहसा महिनाभरात द्याव्या लागतात. आल्या तेव्हा दिसलं की दोन नोंदींच्या मध्ये कित्येक आठवडे मोकळे आहेत, आणि आमचं बरंचसं फिरणं त्या मोकळ्या जागेत हरवलं आहे. डिझेलच्या पावत्या आणि फोनमधले तारखेचे फोटो लावून आम्ही ती जागा भरली. बंद लॉकांच्या सूचनाही जोडल्या.

डॉक्टरांच्या पत्राला मात्र वेळ लागला. पहिल्या पत्रात नुसतं "विश्रांतीची गरज आहे" असं होतं. त्यावरून लॉकचं काम जमणार नाही हे कोणाला कळणार? मी पुन्हा गेलो, लॉकचा फोटो दाखवला आणि विनंती केली की काय करता येणार नाही आणि कधीपर्यंत, ते लिहा. डॉक्टरांनी लिहिलं: वजन ढकलू नये, बराच वेळ उभं राहून सुकाणू धरू नये, अमुक महिन्यापर्यंत. सगळं वजन या दोन ओळींना आलं. १४ दिवसांच्या त्याच कलमात पुढे "किंवा परिस्थितीनुसार वाजवी असेल इतका अधिक काळ" अशी सवलत आहे. २०१० च्या समानता कायद्याखाली अपंगत्व किंवा दीर्घ आजार असेल तर नियमांत वाजवी बदलही मागता येतो. आम्ही दोन्हींचा आधार घेतला.

आम्हाला जास्त दिवस थांबायची आणि कमी अंतर फिरायची मुभा लेखी मिळाली, ठरावीक मुदतीपुरती. परवाना सहा महिन्यांचाच आला. तो संपताना नोंदी नीट होत्या, तेव्हा पूर्ण वर्षाचा मिळाला. आता बायको रोजच्या रोज वहीत जागा आणि तारीख लिहिते.

परवान्याच्या फीचा प्रश्न मात्र उरतोच. एप्रिल २०२४ पासून धक्का नसलेल्या बोटींवर अधिभार लागला आहे. तो दरवर्षी वाढत २०२८ पर्यंत २५ टक्क्यांवर जाणार. सरकारी अनुदान २०२७ पासून घटणार, कालवे राखायला पैसा लागतो, हे मला समजतं. पण ज्यांना धक्का परवडतच नाही त्यांच्याकडूनच जास्त घ्यायचं, हे मला मान्य नाही, आणि फी भरताना सोबतच्या पत्रात मी तसं स्पष्ट लिहिलं आहे.