उजवा गुडघा, डावी काठी

माऊलींच्या पालखीसोबतच्या आळंदी-पंढरपूर वारीत पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, जवळपास ३० किलोमीटर. धास्ती दिवेघाटाची असते, पण चढ गुडघ्याने मुकाट काढला. पावलं आखूड टाकली, एवढंच. गुडघा खरा दुखतो तो उताराला. अंगाचा भार झेलताना वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. तो भार मांडीच्या स्नायूने सोसायचा असतो. म्हणून चैत्रापासून रोज दोनदा: पाठीवर झोपून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ ठेवून हातभर उचलायचा, पाच आकडे धरायचा. असं दहा वेळा. त्याशिवाय मी जेजुरीही गाठली नसती.

वाल्हे, लोणंद, चांदोबाचा लिंब. उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोड्यांची दौड, लांबूनच पाहिलं.

बरडच्या अलीकडची दुपार मात्र जात नाही मनातून. डाव्या टाचेला फोड आला. त्याला जपायला पाऊल तिरकं पडू लागलं आणि दोन तासांत उजवा गुडघा भरून आला. त्यात दिंडी चालते, थांबते, परत चालते. उभं राहिलं की गुडघा आखडतो. मागून रेटा. "माऊली, जमत नसेल तर ट्रकमध्ये बसा," कुणीतरी म्हणालं. तोंडात अभंग होता आणि डोकं संतापाने तापलं होतं.

शेजारच्या दिंडीतल्या एका आजींनी काही न विचारता माझी काठी उजव्या हातातून काढून डाव्यात दिली.

"दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धर गं. काठी अन् त्यो पाय संगंच पडू दे."

खरंच, दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की अंग तिकडेच कलतं. हात सैल सोडून उभं राहिलं की मूठ मनगटापाशी यायला हवी. माझी काठी चार बोटं उंच होती. आजींच्या नातवाने कोयत्याने बुडाकडून छाटली, टोक दगडावर घासून गुळगुळीत केलं. "अन् कडंनं चालू नगं, रस्ता तिकडं उतरता असतुया. एक पाय सारखा खाली पडतुया." दिवसभर मी कडेनेच चालत होते.

मुक्कामी फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. सूज असताना शेकायचं नाही, गुडघ्याचा पट्टा रात्री सोडायचा, फोडाची कातडी सोलायची नाही. गुडघा अडकला किंवा अचानक लटपटला तर मात्र चालणं थांबवून दवाखान्याची गाडी गाठायची. मांडी घालता येईना म्हणून पालथ्या घमेल्यावर बसून जेवले. पंगतीत सगळ्यांपेक्षा उंच बसायला जिवावर आलं. पावली, म्हणजे टाळाच्या ठेक्यावरचा नाचही सोडला, पाय रोवून अंग वळवलं की गुडघ्यातली गादी पिळली जाते. टाळ वाजत असताना नुसतं उभं राहणं फार जड गेलं.

वेळापूरच्या उतारावर धावा सुरू झाला. काठी आणि उजवा पाय बरोबर, मग डावा. माणसं दोन्ही अंगांनी धावत गेली, एकाचाही धक्का लागला नाही. खाली पोचले तेव्हा डोळे वाहत होते, आणि गुडघा शांत होता.