छोटी पांढरी गोळी

"आईंना घाम फुटलाय, शुगर उतरली असणार," असं म्हणत सून आजींना धरून आत घेऊन आली. निघताना तिनं साखरेचं पाणीही पाजलं होतं. आजी 78 वर्षांच्या, मधुमेह 22 वर्षांचा, सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसलेला. बोटातून थेंब काढून शुगर पाहिली तर 214. साखर पोटात गेल्यावरचा तो आकडा, त्यावरून काय ठरवणार? नाडी मात्र 118 होती. एरवी ती पासष्टच्या आसपास असायची.

"छातीत दुखतंय का?"

"दुखत नाही हो. नुसता दम लागतोय, जीव घाबरा होतोय."

मधुमेह जुना झाला की हृदयाकडच्या नसाही बधिर होतात. छातीत कळ येत नाही आणि हृदयाचा त्रास दम, घाम, थकवा असल्या वेशात येतो. ईसीजीत व्ही-4 ते व्ही-6 मध्ये एसटी ही रेघ खाली उतरलेली दिसली, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. लगेच दाखल करून घेतलं.

आजी जरा स्थिरावल्यावर मी सुनेकडे गोळ्यांची चौकशी केली. "तुम्ही सांगितलेली ती छोटी पांढरी बंद केली, बाकीच्या सगळ्या वेळेवर," ती म्हणाली आणि पिशवीतून डबी काढली. सात वारांचे सात कप्पे, गोळ्या स्ट्रिपमधून सोडवून भरलेल्या. मी एकेक कप्पा हातावर रिकामा केला. बंद करायची होती ती प्राझोसिन, बीपी उतरवणारी गोळी, जागच्या जागी होती. हृदयाचे ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल एकाही कप्प्यात नव्हती.

आठवड्यापूर्वी आजी उठताना चक्कर येऊन पडल्या होत्या. झोपवून बीपी घेतलं तर वरचा आकडा 138, उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत 106. वीसने उतरला तरी काळजी करावी, इथे तर बत्तीसने. म्हणून प्राझोसिन थांबवायचं ठरवलं. तो निर्णय आजही मी तसाच घेईन. पण सांगताना "ती छोटी पांढरी गोळी बंद करा" एवढंच म्हणालो. कागदावर नाव खोडलं नाही, डबी मागून बघितली नाही. दोन्ही गोळ्या छोट्या, दोन्ही पांढऱ्या. सून बाहेर बाकावर रडत बसली होती. तिच्याजवळ बसून सांगितलं, यात तुझी नाही, माझी चूक झाली.

मेटोप्रोलॉल अशी एकाएकी तोडायची गोळीच नाही. ती अॅड्रिनॅलिनला हृदयापाशी अडवून धरते. वर्षानुवर्षं अडवल्यावर हृदयावरचे रिसेप्टर, म्हणजे अॅड्रिनॅलिन जिथे चिकटतं त्या जागा, वाढलेले असतात. आडकाठी एकदम काढली की अॅड्रिनॅलिनचा मारा पूर्वीपेक्षा जोरात बसतो, आणि धमन्या आधीच अरुंद असलेल्या माणसाला तो सोसत नाही. थांबवायचीच झाली तर एक-दोन आठवडे डोस उतरवत थांबवतात. गोळी पुन्हा सुरू केली, दोन दिवसांत नाडी सत्तरवर आली, पाचव्या दिवशी आजी घरी गेल्या.

पंधरा दिवसांनी आजी-आजोबा दोघेही आले. आजोबांनाही मधुमेह, वय 81. अटॅक, स्टेंट काही नाही, तरी वर्षानुवर्षं रोज अॅस्पिरिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी. मी म्हणालो, तुमची थांबवू या, आजींची राहू दे. ते गप्प झाले. मग म्हणाले, "आणि मला हिच्यासारखं झालं तर?"

त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि जे घडलं त्यानंतर नुसत्या "काही होत नाही"ने भागणार नव्हतं. 2018 साली असेंड या चाचणीचे निष्कर्ष आले. मधुमेह आहे पण हृदयविकार नाही, असे 15,480 लोक त्यात होते. सरासरी 7.4 वर्षांत अटॅक, पक्षाघात असे गंभीर प्रसंग अॅस्पिरिन न घेणाऱ्यांत 9.6 टक्के, घेणाऱ्यांत 8.5 टक्के. मोठा रक्तस्राव मात्र 3.2 वरून 4.1 टक्क्यांवर गेला. एका हाताने मिळालं ते बरंचसं दुसऱ्या हाताने गेलं, आणि वयाबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतच जातो. आजींचा अटॅक होऊन गेलेला, स्टेंट आहे, त्यांचं गणितच वेगळं. हे सगळं आकडे लिहून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग पिशवी टेबलावर पालथी केली आणि एक स्ट्रिप उचलून माझ्यापुढे धरली. "हीच ना?"

आजींनी त्यांचा हात धरला. "अहो, आधी नाव मोठ्यानं वाचा."